गंगव्वा अक्काचं नाक

आधी माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे आणि अक्षर असं, की ओल्या मातीवरून शेळ्यांचा कळप गेला असावा. दोन्ही वेलांट्या मला सारख्याच प्रिय आहेत, त्यामुळे जी आधी आठवते ती मी देते. ही वही माझ्या सरूची आहे. तिची गणितं संपली आणि मागची पानं कोरी राहिली, ती वाया जाऊ नयेत म्हणून मी लिहायला बसले. कुणी वाचणार नाही हे ठाऊक आहे. तरी माफी कागदावर मागितलेली बरी, कारण तोंडानं मागायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. त्याचा अनुभव पुढे येईलच.

लिहायचं आहे गंगव्वा अक्काबद्दल. सोलापुरात आम्ही तिच्या घरात तीन वर्षं भाड्यानं राहिलो.

आम्ही धनगर, सांगोल्याकडचे. माझे वडील कचेरीत शिपाई होते म्हणून मला शाळा दिसली. चुलते मात्र अजून मेंढरांमागेच होते. आमच्याकडे रविवारी मटण आणि मधल्या वारांना सुकट किंवा अंडी, हे जेवण. बाकी जे काही असेल ते तोंडी लावणं. माझं लग्न झालं आणि आमच्या ह्यांना सोलापुरात गिरणीत काम लागलं. पहिली खोली मिळाली ती गटाराकाठी. भिंतींना बारा महिने ओल. सरू तेव्हा दोन वर्षांची होती आणि ती रोज सकाळी अशी खोकायची, की ऐकून मलाच धाप लागायची. कोरडी खोली शोधा म्हणून मी ह्यांच्या मागे लागले. म्हणजे तीनदा म्हणाले. माझ्या मानानं ते मागे लागणंच झालं.

मग कळलं, की बाळीवेशीकडे एका लिंगायत विधवा बाईच्या परसात दोन खोल्या रिकाम्या आहेत. ऊन येतं, अंगणात विहीर आहे, भाडंही बेताचं. एवढी चांगली खोली रिकामी का, हे तिथं गेल्यावर समजलं.

गंगव्वा अक्का दारात उभी होती. उंच, काटकुळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. तिनं आम्हाला आधी बघितलं नाही, आधी वास घेतला. नाक तिचं लांब होतं आणि ते बोलण्याच्या आधी अर्धी वीत पुढे यायचं.

"कुटले?"

"सांगोल्याकडचे," हे म्हणाले.

"धनगर काय?"

ह्यांनी मान हलवली.

"बरं झालं खरं बोलला. मागच्या खेपेला एकजण वाणी म्हणून सांगितला आन तिसऱ्या दिवशी कोंबडी शिजवला. माझ्या घरात मांस, मासा, अंडं शिजणार न्हाय. चालतंय का?"

"चालंल," हे म्हणाले.

"तुमाला न्हाय इचारलं. चुलीम्होरं कोण बसणार हाय? तिला इचारलं."

मी म्हणाले, न्हाई शिजवणार. मी म्हणाले असं मला वाटलं. अक्का ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणाली ही? तोंडात बोलती का गाडग्यात बोलती?"

अट एवढ्यावर थांबली नाही. पंधरा रुपये अनामत. ज्या दिवशी वशाट शिजेल त्या दिवशी पंधरा रुपये मठात जमा आणि आमचं सामान रस्त्यावर. पंधरा रुपये आमच्याकडे कुठले? माझ्या आईनं लग्नात मला दोन शेळ्या दिल्या होत्या, त्या गावी चुलत्यांच्या कळपात होत्या. त्या विकल्या. मटण न खाण्याच्या हमीसाठी धनगराच्या लेकीनं शेळ्या विकल्या, हे आमच्या भावकीत अजून सांगून हसतात.

पैसे द्यायला गेले तेव्हा अक्कानं विचारलं, "हे कशाचे?"

खोटं सुचायला वेळ लागतो, म्हणून मी खरं सांगितलं. "शेळ्यांचे."

तिचा पुढे आलेला हात थांबला. "कापायला इकल्या का पाळायला?"

"दुधाला. शेजारच्या वाडीत."

"मग चालतंय." तिनं ते रुपये विहिरीच्या पाण्यानं धुतले, पदराला पुसले आणि एका फडक्यात बांधून आत नेले.

माझी गाडगी मात्र उंबऱ्याच्या आत आली नाहीत. "गाडग्याच्या पोटात वास बसतोय. त्यो तुझ्या बापाला निघायचा न्हाय." तीन गाडगी मी रस्त्यावर ठेवली आणि नवी आणली. तवा लाल होईपर्यंत तापवून पास झाला. पाटा-वरवंट्याला तिनं माझ्याकडून टाकी लावून घेतली, वरचा सगळा पापुद्रा निघाला. मला वाटत होतं, आता मलाही टाकी लावायला सांगते का काय.

अक्का कडक भाकरी विकायची. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. ती महिनाभर टिकते. गावोगाव फिरणारे व्यापारी तिच्याकडून पन्नास-पन्नास भाकऱ्या बांधून न्यायचे. पहाटे तिच्या थापण्याचा आवाज सुरू झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा. दुपारी आंघोळ करून ती डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची. त्या वेळी घराला आग लागली तरी ती बोलणार नाही. फार तर चुटकी वाजवेल. पूजा आणि जेवण झालं की माझ्या दारात येऊन विचारायची, "ऊट आतेन?" म्हणजे जेवण झालं का. ही नुसती चौकशी नव्हती. हो म्हटलं की दुसरा प्रश्न, काय केलं होतं. तोवर तिचं नाक उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जाऊन आलेलं असायचं.

"वास म्हंजे चिठ्ठी असती की," ती म्हणायची. "ज्याची त्याला पोचती."

पहिले पंधरा दिवस माझे असे गेले, की ते आठवून आजही मला माझीच कीव येते. वरण मला पाण्यासारखं लागायचं. भाजी गिळली तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. मी चार भाकऱ्या खाऊन उपाशी राहिल्यासारखी बसायचे. रस्त्यानं बोकड गेला की मी त्याच्याकडे बघायचे आणि तोही थांबून माझ्याकडे बघायचा. आमच्या ह्यांचं बरं होतं. पगाराच्या रविवारी हे बाहेर खानावळीत जेवून यायचे आणि वर पान खाऊन तोंड लाल करून यायचे. अक्का ओट्यावरून म्हणायची, "पान खाल्लं ते ब्येस केलं. पर डोळ्याला काय लावलं? डोळे लई तृप्त दिसायलेत." हे मान खाली घालून आत यायचे. बाहेर खाल्लेल्याला तिची हरकत नव्हती. तिला फक्त आपल्याला कळतं हे कळवायचं असायचं.

माझी दशा बघून ती एक दिवस उखळ घेऊन माझ्या दारात बसली. "बस. तुला जेवण येत न्हाय, निस्तं शिजवाय येतंय." शेंगादाणे, लसूण, तिखट, मीठ तिनं उखळात घातलं आणि मुसळ माझ्या हातात दिलं. मी कुटलं आणि म्हणाले, झालं.

"झालं न्हाय. त्याला तेल सुटू दे."

मी पुन्हा कुटलं. मला घाम सुटला, तेल सुटेना.

"थांबू नगंस. तुझं तेल सुटंल आधी, मग त्येचं."

दुपार टळल्यावर चटणीला चकाकी आली. गोळा वळला तर बोटांना तेल लागलं. तिनं कडक भाकरीचा तुकडा मोडून दिला. मी त्याच्यावर चटणी ठेवून खाल्ली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी चावल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. अक्का म्हणाली, "तुला मटण नको असतंय हौशे, तुला मसाला पायजे असतोय. उगं बोकडाला दोष."

मग तिनं अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिकवली, भरलेल्या वांग्यात कारळ किती घालायचे ते शिकवलं, येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, सतरा भाज्या आणि डाळींची भज्जी कशी घोटायची ते शिकवलं. शिकवताना ती माझ्या भांड्याला हात लावायची नाही. लांबून लाकडाच्या पळीनं दाखवायची. माझ्या चुलीवरचं ती खात नसे. हे मला लागायचं, पण मी कुठं बोलणार!

तिच्याकडे एक मांजर होती, गौरी. अक्का तिला दही-भात घालायची आणि अभिमानानं सांगायची, "आमची मांजर बी वशाट खात न्हाय." गौरी हे ऐकत डोळे मिटून बसायची. तेवढा शांत चेहरा मला अजून जमलेला नाही.

आता दिरांची गोष्ट. एका रविवारी गावाहून माझे थोरले दीर आले. दीर आले आणि मटण नाही, म्हणजे आमच्यात पाहुण्याला उपाशी पाठवल्यासारखं. खोलीची अट त्यांना सांगायची तर ह्यांना कमीपणा. मी विचार केला, अक्काच म्हणते ना, मसाला पायजे असतोय. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ शिजवून थापलं आणि त्याच्या वड्या कापल्या. मटणाच्या बोटीएवढ्या, थोड्या वेड्यावाकड्या. चुलीत कांदा आणि खोबरं भाजलं, आईनं दिलेलं काळं तिखट घेतलं, खसखस वाटली आणि असा रस्सा केला की वर तवंग आला. वड्या आत सोडल्या.

दीर जेवायला बसले. दोन वाट्या झाल्या. "हौसा, मटण लई कवळं हाय," ते म्हणाले. मी पदर पुढे ओढला. तिसरी वाटी झाली. "एक हाड तरी घाल की. समदं मांसच वाढायलीस."

तेवढ्यात दारात नाक आलं. त्याच्यामागे अक्का.

"काढ ते भांडं बाहीर!"

मी म्हणाले, "वड्या हायत्या अक्का. डाळीच्या."

"मला शिकवती? दोन घरं सोडून वास आलाय."

मी पळीनं एक वडी काढून पानावर ठेवली. ती तिनं काडीनं मोडली. मसाल्यानं काळी झालेली ती वडी आतूनही मटणासारखीच दिसत होती. माझी कला मलाच नडली. चव घेऊन बघ म्हणायची सोय नाही, ती आमचं खात नाही. अक्कानं क्षणभर विचार केला आणि हाक मारली, "गौरी, बा!"

मांजर आली. वडी तिच्यापुढे ठेवली. माझ्या पंधरा रुपयांचा आणि सरूच्या कोरड्या भिंतींचा निकाल आता एक मांजर देणार होती. गौरीनं वडी हुंगली, पुढचा पंजा झटकला आणि शेपूट वर करून निघून गेली.

"खाल्ली न्हाय," अक्का म्हणाली. "डाळच हाय."

माझे दीर सरळ माणूस. सकाळी ओट्यावर अक्कानं त्यांनाही गौरीचं कौतुक ऐकवलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, तुमची मांजर वशाट खात न्हाय म्हंतात नव्हं? मग तिनं खाल्लं न्हाई म्हणून काय ठरलं?"

अक्काचं नाक आयुष्यात पहिल्यांदा मागे गेलं असावं. ती वळली आणि गेली. इकडे दिरांचा प्रश्न सुटत नव्हता. ते रश्शाकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे मी आतापतूर तीन वाट्या डाळ खाल्ली व्हय?"

चौथी वाटीही त्यांनी खाल्ली, पण तक्रार करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आली. भाकऱ्या दिल्या आणि दारातच उभी राहिली. "कालचं ऱ्हायलंय का कायी?" तिनं विचारलं. रस्सा थोडा उरला होता. मी वाटीत वाढून दिला. तिनं तो तिथंच ओट्यावर बसून, पदर डोक्यावर घेऊन खाल्ला. माझ्या चुलीवरचं तिनं खाल्लेलं ते पहिलं. वाटी धुऊन परत देताना एवढंच म्हणाली, "मीठ ज्यादा हाय." आणि त्या दिवसापासून ती मला 'तंगी' म्हणायला लागली. म्हणजे धाकटी बहीण.

इथं मी थांबले असते तर गोष्ट माझ्या बाजूनं चांगली दिसली असती. पण वही माझीच आहे, खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या वर्षी आईनं गावच्या माणसाबरोबर ज्वारीचं पीठ पाठवलं. पिठात फडक्याची पुरचुंडी, पुरचुंडीत सुके बोंबील. आईला वाटलं असेल, लेक वाळून गेली असेल. खरं तर तोवर मी चांगली भरले होते. पण बोंबील हाताला लागले आणि माझं सगळं शिक्षण, चौथीपर्यंतचं आणि अक्काचं, दोन्ही विसरले. घरात भाजायची सोय नाही. दुपारी अक्का पूजेला बसली तशी मी सरूला कडेवर घेतलं, पुरचुंडी पोटाशी धरली आणि वेशीबाहेर माळावर गेले. तीन दगड मांडले, बाभळीच्या काटक्या पेटवल्या आणि निखाऱ्यावर बोंबील भाजून भाकरीबरोबर खाल्ले. पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आलं. धुरानं की कशानं ते सांगता येत नाही. दुसऱ्या घासाला पाच कुत्री आली. मी त्यांना डोकी वाटली. शेवटचा बोंबील खाताना वर बघते तर समोरच्या दगडावर गौरी बसलेली. दही-भातावरची गौरी! मी तिला शेपटाचा तुकडा दिला. ती काही बोलणार नव्हती आणि मीही नव्हते.

परत येताना ती माझ्या पायात पायात करत घरापर्यंत आली. मी चूळ भरली होती, हातांना माती चोळली होती. अक्का ओट्यावर बसली होती.

"गौरी आज तुझ्या मागं मागं का गं?"

"ऊन लागलं आसंल तिला," मी म्हणाले.

याहून मूर्ख उत्तर मला त्या वेळी सापडलं नाही. अक्कानं एकदा मांजरीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि भाकऱ्या मोजायला लागली. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर सरूला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. अक्का रोज सकाळी येऊन तिच्या कपाळाला विभूती लावायची आणि भाताची पेज करून आणायची. ताप उतरला तेव्हा पोर नुसती हाडं राहिली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक कच्चं अंडं दुधात फेटून द्या, नाही तर ताकद यायची नाही.

घरी येईपर्यंत मी रस्ताभर स्वतःशी वकिली केली. अक्का म्हणाली होती, शिजणार नाही. अंडं कच्चं द्यायचं आहे. मग शिजलं कुठं? चौथीच्या मानानं मुद्दा बरा होता. पण तिच्यासमोर जाऊन तो मांडायची हिंमत नव्हती. ती नाही म्हणाली तर? आजारी पोर घेऊन पुन्हा त्या गटाराकाठी? हे म्हणाले, "सांगून टाक तिला." मी म्हणाले, तुम्ही सांगा. दोघांनीही सांगितलं नाही.

चार दिवस मी पदराखालून एकेक अंडं आणलं, दुधात फेटलं, सरूच्या घशाखाली घातलं. पाचव्या दिवशी तिनं दूध बघून तोंड फिरवलं आणि भाकरी मागितली. सगळं पार पडलं. टरफलांसाठी मात्र मी फार डोकं चालवलं होतं. रस्त्यावर टाकली तर कुत्री ओढतील, उकिरड्यावर टाकली तर गौरी ओढेल. म्हणून मी ती विहिरीजवळच्या राखेच्या ढिगात खोल पुरली. दोन्ही चुलींची राख तिथंच पडायची. राखेत कोण बघतं?

ज्या बाईनं आयुष्यभर राखेनं भांडी घासली तिला हे सुचलं, हे मी पुन्हा एकदा लिहून ठेवते. राखेत कोण बघतं!

त्या आठवड्यापासून अक्का राख वेगळी ठेवायला लागली. स्वतःच्या चुलीची राख पत्र्याच्या डब्यात भरून आत न्यायची. मी मनात म्हटलं, म्हातारीला आता राखेचाही लोभ सुटला. तिचा पूजेचा पितळी तांब्याही दिसेना, नवा आला. मी तेही बघितलं आणि काही समजले नाही. ती मात्र तशीच होती. ऊट आतेन विचारायची, सरूला शेंगापोळी द्यायची.

वर्षभरानं ह्यांना कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात जागा मिळाली. सामान गाडीत भरलं. अक्का ते फडकं घेऊन ओट्यावर आली, गाठ सोडली आणि एकेक रुपया माझ्यापुढे मांडला.

"अकरा."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"चार टरफलं हुती," ती म्हणाली. "राखेत हात घातला तर बोटाला टोचलं. पूजेचा तांब्या घासायले हुते, हौशे."

त्या दिवशी तिनं मला तंगी म्हटलं नाही.

"बोलल्याप्रमाणं समदेच जायला पायजेत. त्याच दिवशी सामान बी भाईर जायला पायजे हुतं. पर पोरगी तशी. कुटं गेली असतीस तिला घेऊन? मी गप बसले. आता टरफलाला एक रुपया. हे चार माझे बी न्हाईत, तुझे बी न्हाईत. मठाचे स्वामी आले की इचारते."

माझ्या मनात खूप होतं. पाया पडावं, सगळे पंधरा ठेवून घे म्हणावं, तांब्याची भरपाई करावी. मी म्हणाले, "बरं." चार इयत्ता शिकलेल्या बाईला तेवढा एकच शब्द आठवला. गाडी निघाली. गौरी काही अंतर मागे आली आणि परत फिरली. अक्का आत गेली होती.

कुर्डुवाडीला आल्यावर पहिल्या रविवारी मी मटण केलं. तीन वर्षांचा उपास सोडायचा म्हणून पाव शेर जास्तच आणलं. चार घास खाल्ले आणि माझा हात आपोआप उतरंडीकडे गेला. ह्यांनी विचारलं, काय शोधतेस? शेंगाची चटणी शोधत होते. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून आमच्याकडे रविवारी मटण होतं, मी वाढते, थोडं खाते आणि बाकी जेवण चटणीशी करते. मटण सुटलं असं नाही. पण आता ते तोंडी लावणं झालं आहे. अकरा रुपयांत मी एक शेळी घेतली. त्या चार रुपयांचं काय झालं, हे मात्र रोज शेळीला पाला घालताना मनात यायचं. रुपयांची हळहळ नव्हती. निकाल राहिला होता.

दोन वर्षांनी कडक भाकरीच्या एका व्यापाऱ्याकडून निरोप आला, की गंगव्वा भाचीकडे बार्शीला निघाली आहे, सोमवारी कुर्डुवाडीला गाडी बदलेल, हौसाला स्टेशनवर यायला सांग.

मी सरूला घेऊन तासभर आधी जाऊन उभी राहिले. अक्का उतरली. वाकली होती, काठी आली होती. नाक तेवढंच होतं. जवळ आली, थांबली आणि हुंगलं.

"काल मटण केलंतीस."

"व्हय अक्का."

"मीठ ज्यादा झालं आसंल."

मग तिनं सरूचा दंड चाचपला, दुसराही चाचपला, दात बघितले. बाकावर बसली आणि मला समोर उभं केलं.

"स्वामी आले हुते. इचारलं. म्हणाले, औषदाला जेवण म्हणत न्हाईत. अंड्याचं पाप न्हाय. पर चोरून दिलं, त्येचं हाय. ते तिनं आपल्या तोंडानं सांगिटलं की फिटलं. सांग."

प्लॅटफॉर्मवर माणसं होती. हमाल होते. माझी जीभ टाळूला गेली.

"गाडग्यात बोलू नगंस," अक्का म्हणाली. "मला कमी ऐकू येतंय आता."

"मी तुमच्या घरात अंडी आणली," मी म्हणाले. "चार. पोरीला दिली. टरफलं राखेत पुरली. तुमाला सांगिटलं न्हाई. चुकले." आवाज एवढा मोठा निघाला, की शेजारचा हमाल वळून बघायला लागला. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर ते मिटेना. "आन बोंबील बी खाल्ले हुते. ते औषद नव्हतं. आईनं पाठवले हुते. माळावर भाजून खाल्ले."

"ते मला त्याच दिवशी कळलंतं."

"मग बोलला न्हाईत?"

"माळ माझा न्हाय की. आन बोलले आसते तर गौरीचं बी काढावं लागलं आसतं." तिनं एकदा इकडेतिकडे बघितलं. "ती लई वर्सं खायाची. दीर तुझा खरं बोलला हुता. मला काय वास येत नव्हता काय?"

बार्शीची छोटी गाडी लागली. मी तिचं बोचकं उचलून तिला डब्यात बसवलं. तिनं कंबरेच्या पिशवीतून चार रुपये काढले. धुतलेले होते, लखलखीत. खिडकीतून माझ्या हातावर ठेवले.

"अकराचं काय केलंस तंगी?"

"शेळी घेतली."

"कापायला का पाळायला?"

"दुधाला, अक्का."

"मग चालतंय."

गाडी हलली. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडली, "मोजलंस का?"

मी मूठ उघडून दाखवली. "चार!"

"आन आदीचे?"

मी गाडीबरोबर चार पावलं चालले. "अकरा! पंधरा झाले अक्का, पुरे पंधरा!"

तेव्हा कुठं तिनं मान आत घेतली.